मका महागला की पेंड? दुभत्या जनावरांच्या खुराकाचा हिशोब कसा मांडावा

पशुखाद्याचे भाव चढले की बहुतेक गोठ्यांत पहिला उपाय एकच होतो, तो म्हणजे सगळ्या जनावरांचा खुराक सरसकट अर्ध्या-एक किलोने कमी करणे. पहिले दोन-चार दिवस फारसे काही जाणवत नाही, कारण गाय अंगावरची चरबी मोडून दूध देत राहते. पुढे दूध उतरते, गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि खुराकात वाचवलेल्या रकमेहून अधिक रक्कम दुधाच्या बिलातून निघून जाते. भाववाढीच्या काळात खर्च कमी करता येतो, पण त्यासाठी हात आखडण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. पुढील मांडणी पाच ते वीस गाई-म्हशींचा गोठा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी नेमके काय महागले ते पाहावे

खुराकातून आपण मुख्यतः दोन गोष्टी विकत घेतो. एक ऊर्जा, जी मका, बाजरी, तांदळाची कणी यांसारख्या धान्यांतून मिळते, आणि दुसरी प्रथिने, जी सोयापेंड, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड यांतून मिळतात. गेल्या काही वर्षांत झालेल्या दोन मोठ्या तेज्या एकमेकींच्या अगदी उलट होत्या, हे फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले, सोयापेंड कुक्कुटपालकांच्या आवाक्याबाहेर गेली, आणि केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. ती तेजी प्रथिनांची होती.

२०२३-२४ मधील तेजी ऊर्जेची होती. जुलै २०२३ मध्ये भारतीय अन्न महामंडळाने इथेनॉलसाठी तांदूळ देणे थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट तर समोर होतेच. परिणामी धान्यावर चालणाऱ्या आसवन्या मक्याकडे वळल्या. देशातला निम्म्याहून अधिक मका आधीच कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जात होता. त्यात हा नवा आणि मोठा गिऱ्हाईक आला, आणि एके काळी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. मक्याचा हमीभावही क्विंटलला २०२३-२४ मधील २,०९० रुपयांवरून २०२५-२६ साठी २,४०० रुपयांवर गेला. मका पिकवणाऱ्या येवला, सिल्लोड, कन्नड भागातल्या शेतकऱ्यांना यातून चार पैसे मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. पण दावणीला गाय असणाऱ्याचा खर्च त्यामुळे वाढला, हेही तितकेच खरे.

याच काळात सोयाबीन मात्र हमीभावाच्या खाली विकले जात होते. त्याचे एक कारण असे की मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत डीडीजीएस, बाजारात मोठ्या प्रमाणात आला आणि सोयापेंडेची मागणी त्याने खाल्ली. ऊर्जा महाग आणि प्रथिने तुलनेने स्वस्त, अशी ही स्थिती होती. तयार गोळी पेंडेचे पोते मात्र दोन्ही वेळा महागच झाले, आणि पोत्याकडेच पाहणाऱ्या पशुपालकाला या दोन तेज्यांतला फरक कळला नाही. प्रथिने महागली असतील तर लसूण घास, हादगा, दशरथ घास यांसारख्या प्रथिनयुक्त चाऱ्याकडे वळावे लागते. ऊर्जा महागली असेल तर मुरघासाकडे, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या मक्याच्या कुट्टीकडे. उपाय चुकीच्या बाजूने केला तर खर्च होतो आणि दूध वाढत नाही.

पोत्याचा भाव बाजूला ठेवून घटकाचा भाव काढावा

यासाठी गणित अगदी सोपे आहे. किलोच्या भावाला त्या मालातल्या प्रथिनांच्या टक्केवारीने भागून शंभराने गुणले की एक किलो प्रथिन कितीला पडते ते कळते. ढोबळमानाने मक्यात ९ टक्के, गव्हाच्या भुश्श्यात १५, टरफलासह काढलेल्या सरकी पेंडेत २२, मक्याच्या डीडीजीएसमध्ये २८ आणि सोयापेंडेत ४५ टक्के प्रथिने धरावीत. आता केवळ उदाहरणासाठी भाव घेऊ, कारण ते गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात: सरकी पेंड ३६ रुपये, सोयापेंड ४० रुपये आणि डीडीजीएस २७ रुपये किलो. सरकी पेंडेतले एक किलो प्रथिन सुमारे १६४ रुपयांना पडते, सोयापेंडेतले ८९ रुपयांना आणि डीडीजीएसमधले ९६ रुपयांना. किलोला चार रुपयांनी स्वस्त दिसणारी सरकी पेंड प्रथिनांच्या हिशोबाने जवळपास दुप्पट महाग निघते.

सरकी पेंडेने दुधाला फॅट लागते, असे पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत सगळीकडे सांगितले जाते, आणि विदर्भात तर ढेपेवाचून, म्हणजे या पेंडेवाचून, गाय दूध देईल यावर अनेकांचा विश्वासच नसतो. त्यात तथ्यही आहे, कारण या पेंडेत तेलाचा अंश शिल्लक असतो आणि टरफलातून तंतूही मिळतात. तेव्हा ती पूर्ण बंद करावी असे नव्हे. पण चार किलो खुराकापैकी तीन किलो सरकी पेंडच, ही रीत भाववाढीच्या वर्षी परवडणारी नाही.

ऊर्जेचाही हिशोब असाच करावा, फक्त प्रथिनांऐवजी एकूण पचनीय घटकांची टक्केवारी घ्यावी. मक्यात ती सुमारे ८० असते, गव्हाच्या भुश्श्यात ६५ आणि तेल काढलेल्या तांदळाच्या कोंड्यात ५५ ते ६०. मका २४ रुपये असेल तर एक किलो पचनीय घटक ३० रुपयांना पडतात. भुस्सा २६ रुपये असेल तर ४० रुपयांना. म्हणजे या भावांना मका महाग झाला म्हणून भुस्सा वाढवणाऱ्याने स्वस्त सोडून महाग घेतले. तेल काढलेला कोंडा १७ रुपयांच्या आत मिळाला तरच तो मक्याशी बरोबरी करतो. जुलै २०२३ मध्ये सरकारने याच कोंड्याची निर्यात थांबवली होती, ती देशातल्या पशुखाद्याचे भाव आवरण्यासाठीच. हे गणित दर पंधरवड्याला, पेंड आणण्यापूर्वी, वहीच्या एका पानावर करावे. पाच मिनिटे लागतात.

तयार गोळी पेंड घेणाऱ्यांनी पोत्यावरचे लेबल वाचण्याची सवय लावावी. भारतीय मानक २०५२ प्रमाणे पहिल्या प्रकारच्या पशुखाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या खाद्यात किमान २० टक्के प्रथिने असावी लागतात, आणि तंतूंचे प्रमाण अनुक्रमे १० आणि १२ टक्क्यांहून अधिक नसावे. कच्चा माल महागला की काही उत्पादक भाव तितकाच ठेवून आतला माल हलका करतात. पोत्याचा रंग आणि नाव तेच राहते. म्हणून भाव न वाढलेल्या पोत्याकडे जास्त बारकाईने पाहावे, आणि शंका आल्यास कृषी विज्ञान केंद्रामार्फत किंवा पशुवैद्यक महाविद्यालयात नमुना तपासून घ्यावा.

खुराक जनावर पाहून द्यावा, आणि वजन करून द्यावा

बहुतेक गोठ्यांत खुराक डब्याने किंवा घमेल्याने मोजला जातो. एकच डबा मका भरड्याने भरला आणि तोच गव्हाच्या भुश्श्याने भरला तर भुश्श्याचे वजन निम्म्याहूनही कमी भरते, आणि मिश्रण बदलले की डबा तोच राहूनही गाईच्या पोटात जाणारे अन्न बदलते. साधा ताणकाटा आणून एकदा प्रत्येक मिश्रणासाठी डब्याचे वजन करावे आणि डब्याच्या आत रंगाने रेघ मारून ठेवावी. बचतीचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

त्यानंतर प्रत्येक जनावराचे वजन काढावे. काटा नसला तरी टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत घ्यावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचांत घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६८ इंच आणि लांबी ६० इंच असेल तर वजन साधारण ४२० किलो येते. दुभत्या संकरित गाईला वजनाच्या सुमारे तीन टक्के कोरडे अन्न (चाऱ्या-खुराकातले पाणी वजा जाता उरणारे) लागते, म्हणजे या गाईला साडेबारा किलोच्या आसपास. त्यातले दोन तृतीयांश वैरणीतून आणि एक तृतीयांश खुराकातून जावे, हा साधारण दंडक आहे.

दुधासाठीचा खुराक गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम आणि म्हशीला ५०० ग्रॅम धरतात. शरीर पोसण्यासाठी यावर दीड-दोन किलो वेगळा द्यावा, असेही सांगितले जाते, पण हे नुसत्या कडब्यावर असलेल्या जनावरासाठी. चांगली हिरवी वैरण किंवा मुरघास पोटभर मिळणाऱ्या गाईचे शरीर त्यावरच पोसले जाते, वर पहिले दोन-तीन लिटर दूधही त्यातूनच निघते. बारा लिटरच्या गाईला चार किलो पुरत असताना सहा किलो देणारे गोठे कमी नाहीत, आणि वीस लिटरच्या गाईलाही तेवढेच सहा किलो देऊन तिला उपाशी ठेवणारेही तेच असतात. सर्वांना समान वाटप करताना आळशी गाय पोसली जाते आणि चांगली गाय खंगते.

काही जनावरांच्या खुराकाला मात्र कितीही तेजी आली तरी हात लावू नये. व्यायल्यानंतरचे पहिले तीन महिने हे त्यांतले पहिले. या काळात गाईचे दूध कळसाला पोचते, आणि कळसाला एक लिटर कमी पडले तर पूर्ण वेतात सुमारे दोनशे लिटर दूध कमी मिळते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण गाई आणि वाढीतल्या कालवडी-रेड्या हे दुसरे. आज कालवडीचा खुराक तोडला तर तिचे पहिले वेत सहा महिने ते वर्षभर लांबते, आणि तेवढे दिवस ती फुकट खाते. कपात करायची तर वेताच्या उत्तरार्धातल्या, गाभण राहिलेल्या आणि अंगाने सुधारलेल्या गाईंपासून सुरुवात करावी, तीही रोजच्या खुराकातून एका वेळी पाव किलोने, दुधाकडे लक्ष ठेवून. पाव किलो कमी करूनही तीन-चार दिवसांत दूध हलले नाही, तर तो पाव किलो वायाच जात होता.

मुरघासात दाणा असतो, तो हिशोबात धरावा

ऊर्जा महाग असताना सर्वांत जास्त फरक मुरघासाने पडतो. नीट भरलेल्या कणसांसह कापलेल्या मक्याच्या मुरघासात कोरड्या भागापैकी साधारण तिसरा हिस्सा दाण्याचा असतो. गाईला रोज २० किलो मुरघास दिला तर त्यात सहा किलो कोरडे अन्न जाते, आणि त्यातला दोन किलोच्या आसपास दाणा असतो. तरीही मुरघासावर दोन किलो मका भरडा टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी सुरूच राहते. अशा गाईच्या शेणात न पचलेले दाणे दिसतात, शेण पातळ व आंबूस होते, आणि फॅट घसरते, कारण कोठीपोटात, म्हणजे अन्न आंबवणाऱ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, आम्ल वाढते. तिथे भरडा कमी करून आम्ल शमवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या खाण्याच्या सोड्याचा खर्चही वाचवता येतो. मुरघासाच्या कोरड्या भागात प्रथिने मात्र जेमतेम आठ टक्के असतात, म्हणून मुरघास खाणाऱ्या गाईसाठी प्रथिने तेवढी विकत घ्यावी आणि ऊर्जा शेतातून घ्यावी, ही विभागणी डोक्यात पक्की ठेवावी.

एका गाईला रोज १५ ते २० किलो धरल्यास वर्षाला साडेपाच ते सव्वासात टन मुरघास लागतो. एकरी १५ ते २० टन हिरवा मका निघतो, म्हणजे एका एकराच्या एका पिकात दोन-तीन गाईंची वर्षाची सोय होते. खरिपात आणि रब्बीत असे दोनदा पीक घेता आले तर जमीन कमी असणाऱ्यालाही हे जमते. मुरघासासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आफ्रिकन टॉल वाण जुना आणि परिचित आहे, पण तो उंच आणि पानाळ असल्याने त्यात कणसाचा वाटा कमी राहतो. दाण्यातून ऊर्जा हवी असेल तर चांगले कणीस देणारा संकरित वाण घ्यावा. २०१८ पासून मक्यावर लष्करी अळी कायमची वस्तीला आली आहे, त्यामुळे पीक पोंग्यात असताना आठवड्यातून दोनदा शेतात फेरी हवीच.

कापणीची वेळ साधणे हे यातले खरे कौशल्य आहे. कणीस सोलून दाणा नखाने दाबावा. पांढरे दूध उडाले तर आठवडाभर थांबावे; दाण्याच्या वरच्या भागात पीठ आणि खालच्या भागात चीक असेल तर कापावे; नख रुततच नसेल तर उशीर झाला. योग्य वेळी पिकात ६५ ते ७० टक्के पाणी असते. कुट्टी मुठीत घट्ट आवळून सोडली असता गोळा सावकाश उलगडला आणि तळहात फक्त ओलसर झाला, तर ओल बरोबर आहे. बोटांतून पाणी गळले तर पीक सुकू द्यावे. अर्धा ते पाऊण इंचाची कुट्टी करून सहा-सहा इंचांचे थर दाबत जावे आणि हवा राहू देऊ नये. पंचेचाळीस दिवसांनी उघडल्यावर त्याला आंबटगोड वास यावा आणि रंग पिवळसर हिरवा असावा. कुजकट लोण्यासारखा वास किंवा काळपट रंग असलेला भाग उकिरड्यावर टाकावा. गाभण जनावराला तर त्याचा वासही लागू देऊ नये.

खड्डा किती मोठा बांधावा, याबाबत मात्र हौस नडते. पाच गाईंना रोज १०० किलो मुरघास लागतो. एक घनमीटरात साधारण ५५० किलो बसतो, म्हणजे रोज ०.१८ घनमीटर काढला जातो. उघड्या तोंडावरचा मुरघास खराब होऊ नये म्हणून रोज किमान १५ सेंटिमीटरचा थर पूर्ण तोंडभर निघाला पाहिजे. या हिशोबाने खड्ड्याचे तोंड सव्वा चौरस मीटरहून मोठे असता कामा नये, आणि एवढा अरुंद खड्डा ट्रॅक्टरने दाबता येत नाही. म्हणून आठ-दहा गाईंच्या आतल्या गोठ्याने बॅगांतच मुरघास करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. बॅगेचा खर्च जास्त वाटतो, पण रोज वरचा बुरशी आलेला थर फेकून देण्यापेक्षा तो कमीच असतो. फक्त बॅगा उंदरांपासून सांभाळाव्यात, कारण एका भोकाने अख्खी बॅग जाते.

ज्यांच्याकडे मुरघासासाठी पाणी नाही, त्यांनी हाताशी असलेल्या कोरड्या वैरणीतून अधिक पोषण काढावे. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा १०० किलो घेऊन त्यावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, ढीग प्लॅस्टिकने हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. खायला घालण्यापूर्वी तो पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा, आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी उघड्यावर ठेवल्याने जनावर पिऊन दगावण्याचा धोका असतो, म्हणून हे काम गोठ्यापासून लांब करावे. ऊस पट्ट्यात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट किंवा स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे शरीरातले कॅल्शियम कमी होते. नुसत्या वाढ्यांवर गाई ठेवणाऱ्यांनी खनिज मिश्रणाची कपात कधीही करू नये.

घरचे मिश्रण

मुरघास खाणाऱ्या गाईंसाठी शंभर किलोचे एक मिश्रण असे करता येते: मका भरडा २५ किलो, सोयापेंड १८, सरकी पेंड १५, गव्हाचा भुस्सा १९, डीडीजीएस १५, तूर किंवा हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) ५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यात प्रथिने सुमारे साडेएकवीस टक्के येतात. वर घेतलेल्या उदाहरणादाखलच्या भावांना ते दळणावळ सोडून एकतीस रुपये किलोच्या आसपास पडते. आपल्या गावच्या भावाने हा आकडा काढून तो त्याच प्रतीच्या गोळी पेंडेशी ताडून पाहावा. फरक किलोला दोन रुपयांपेक्षा कमी असेल तर घरी मिसळण्याचा खटाटोप करू नये, कारण मजुरी, नासाडी आणि चार ठिकाणची खरेदी यांत तो जिरून जातो. गोळी पेंड बनवणाऱ्याकडे शंभर पर्याय असतात आणि तो रोज स्वस्त घटक शोधत असतो, त्यामुळे मंदीच्या काळात तयार पेंड परवडते. तेजीत मात्र घरचे मिश्रण बहुधा बाजी मारते.

नुसत्या कडब्यावर आणि उन्हाळी वैरणीवर असलेल्या गाईंना मका दहा किलोने वाढवून डीडीजीएस आणि सोयापेंड पाच-पाच किलोने कमी करावी. मक्याच्या जागी बाजरी किंवा तांदळाची कणी स्वस्त मिळाली तर निम्म्यापर्यंत मका तिने बदलावा. बाजरीत प्रथिने मक्यापेक्षा थोडी जास्तच असतात, मात्र ती बारीक असल्याने भरडल्याशिवाय तशीच शेणातून बाहेर पडते. मिश्रण कोणतेही असो, जुन्यावरून नव्यावर जाताना आठ ते दहा दिवस घ्यावेत. कोठीपोटातले जिवाणू नव्या अन्नाला सरावण्यास तेवढा वेळ घेतात, आणि दोन दिवसांत बदल करून दूध घटले की दोष मात्र मिश्रणाला दिला जातो.

डीडीजीएसबद्दल थोडे सावध राहावे. हा चोथा धान्यातला पिष्टमय भाग काढून उरलेला असतो, त्यामुळे प्रथिने जशी तिपटीने एकवटतात तसे धान्यातल्या बुरशीचे विषही तिपटीने एकवटते. सोनेरी पिवळा रंग आणि आंबवलेल्या पिठासारखा गोडसर वास असलेला माल घ्यावा. गडद तपकिरी व जळकट वासाचा माल वाळवताना करपलेला असतो आणि त्यातली प्रथिने जनावराला नीट पचत नाहीत. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असतात, मक्याच्यात २८ च्या आसपास, आणि दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून कशाचा आहे हे विचारूनच भाव ठरवावा. मिश्रणात १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये.

पेंडेतली भेसळ भाव चढले की वाढते. ग्लासभर पाण्यात मूठभर पेंड ढवळून ठेवल्यास वाळू-माती तळाला बसते आणि भाताचा तूस वर तरंगतो. प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी युरिया मिसळल्याचा संशय असेल तर पेंड, कच्च्या सोयाबीनचे थोडे पीठ आणि कोमट पाणी बाटलीत घालून बूच लावावे आणि अर्ध्या तासाने हुंगावे. युरिया असल्यास अमोनियाचा झणझणीत वास येतो, कारण कच्च्या सोयाबीनमधला एक घटक युरिया फोडतो.

केव्हा घ्यावे, किती घ्यावे, कसे ठेवावे

खरीप मक्याची मोठी आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि भाव बहुधा तेव्हाच वर्षातले सर्वांत खाली असतात. बिहारचा रब्बी मका एप्रिल-मेमध्ये येतो, तेव्हा पुन्हा थोडी उसंत मिळते, आणि जून ते सप्टेंबर हे महिने सर्वांत तंगीचे असतात. सरकीचे गाळप कापसाच्या हंगामाबरोबर चालते, त्यामुळे हिवाळ्यात सरकी पेंड मुबलक असते. पेंडेच्या भावाचा अंदाज घ्यायचा तर अकोल्याच्या बाजाराकडे पाहावे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातला सरकी पेंडेचा वायदाही अकोल्याच्याच नावाने चालतो. सोयाबीनसाठी लातूरकडे पाहण्याची रीत आहे. वायद्यात पैसे लावण्यासाठी हे सांगत नाही. पुढच्या दोन महिन्यांचे भाव व्यापाऱ्याला कसे दिसत आहेत, एवढे त्यातून कळते आणि तेवढे पुरे.

मका सहा महिन्यांचा भरता येतो, पेंड नाही. सरकी पेंडेतले तेल खवट होते आणि पावसाळ्यात तिला लवकर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ती महिन्याभराहून अधिक साठवू नये. मक्याचा साठा करताना नोव्हेंबरातला ओला मका स्वस्त दिसतो, पण त्यात २० टक्क्यांहून अधिक ओल असू शकते. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की क्विंटलमागे नऊ किलो घट येते, आणि ती धरूनच भाव बोलावा. ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे पूर्ण कोरडे मीठ घालून चांगले हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, असा मका साठवू नये. पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत.

बुरशी लागलेला मका उन्हात वाळवून किंवा चाळून खुराकात खपवण्याचा मोह तेजीत हमखास होतो. वरची बुरशी झटकली तरी अफ्लाटॉक्सिन हे तिचे विष दाण्यात राहते, गाईच्या यकृताला ते बाधते आणि काही भाग दुधात उतरतो. दुधातल्या या विषाची कायदेशीर मर्यादा किलोला फक्त अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि मोठे दूध संघ त्याची तपासणी करतात. टँकर नाकारला गेला तर नुकसान एका गोठ्याचे राहत नाही.

शेळीपालकांना हे सगळे लागू करण्याची गरज फारशी नाही, कारण शेळीचा मुख्य आधार झाडपाला आहे आणि दाणा फक्त गाभण शेळ्यांना व विक्रीच्या बोकडांना लागतो. अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांची अडचण मात्र गाईवाल्यांपेक्षा मोठी आहे: त्यांच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मकाच असतो आणि मुरघासासारखा पर्याय नाही. बाजरी किंवा कणीने काही भाग बदलता येतो, पण बलक फिका पडतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो, हे गिऱ्हाईक ठरवताना आधी बोलून घ्यावे.

एकट्याने दोन-चार पोती घेणाऱ्याला किरकोळ दुकानदाराच्या भावावरच राहावे लागते. गावातल्या आठ-दहा गोठ्यांनी महिन्याची गरज एकत्र केली तर छोटा ट्रक भरतो, आणि शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावावर थेट गिरणीतून किंवा बाजार समितीतून माल उचलता येतो. अशा खरेदीत पैशाआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मक्याची कमाल ओल, पेंडेतली किमान प्रथिने, आणि माल उतरवताना नमुना नापास झाला तर परतीचे भाडे कोणी द्यायचे. उतरवताना प्रत्येक दहाव्या पोत्यातून मूठभर माल घेऊन एकत्र मिसळावा, त्यातला अर्धा किलो पिशवीत बंद करून तारीख टाकून ठेवावा, आणि तो माल संपेपर्यंत पिशवी फेकू नये.